विली मेज सेंटर फिल्डमध्ये इतकी वर्षं टिकला कसा?

बेसबॉलच्या विक्रमांची चर्चा होमरनपाशी (म्हणजे थेट कुंपणाबाहेर मारलेल्या फटक्यापाशी) सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. विली मेजचं नाव निघालं की त्याचे ६६० होमरन लगेच सांगितले जातात. त्याच्याच नावावर ७,०९५ असा आणखी एक आकडा आहे आणि माझ्या मते तो जास्त अवघड आहे. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च पातळीच्या बेसबॉलमध्ये, आउटफिल्डरने मिळवलेल्या ‘पुटआउट’चा हा विक्रम. बॅटर किंवा बेसवरचा रनर ज्याच्या हातून प्रत्यक्ष बाद होतो, त्या खेळाडूच्या खात्यात पुटआउट जमा होतो. आउटफिल्डरच्या बाबतीत तो जवळजवळ नेहमी झेलच असतो. म्हणजे मेजने कारकिर्दीत सात हजारांच्या आसपास झेल घेतले, आणि दीडशे वर्षांच्या या खेळात त्याच्यापुढे कोणी गेलेलं नाही.

ही कामगिरी किती मोठी, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. क्षेत्ररक्षणातल्या दीर्घायुष्याचं मोजमाप फलंदाजीपेक्षा बरंच किचकट असतं. आकडे फसवतात, पारितोषिकं तर त्याहून जास्त. आधी मैदान समजून घेऊ.

बेसबॉलचं मैदान पंख्यासारखं पसरलेलं असतं. पंख्याच्या मुठीशी ‘होम’वर बॅटर (तिथून निघून तिन्ही बेस ओलांडत रनर परत होमला आला की धाव), आणि पार टोकाच्या हिरवळीवर तीन आउटफिल्डर: डावीकडे एक, उजवीकडे एक आणि मधोमध सेंटर फिल्डर. कोपऱ्यातल्या दोघांना एका बाजूने फाउल रेषेचा आडोसा मिळतो. सेंटर फिल्डरला तसा आडोसा नसतो. त्याला डावीकडे धावायचं, उजवीकडे धावायचं, पुढे यायचं आणि वेळ पडली तर पाठ वळवून कुंपणापर्यंत जायचं. दोघांच्या मध्ये उडालेल्या चेंडूवर पहिला हक्क त्याचा, आणि ‘माझा!’ म्हणून ओरडायची जबाबदारीही त्याचीच. त्यामुळे संघातला सगळ्यात वेगवान आउटफिल्डर मधे उभा राहतो. पाय मंदावले की त्याला कोपऱ्यात हलवतात. आणखी मंदावले की पहिल्या बेसवर, जिथे फारसं धावावं लागत नाही. क्रिकेटमध्ये वय झालेला चपळ खेळाडू कव्हरमधून स्लिपमध्ये सरकतो, तसंच काहीसं. फरक एवढाच की स्लिपमध्ये गेलेल्याचा मान वाढतो, आणि सेंटर फिल्ड सोडणाऱ्याकडे सगळे ‘चालायचंच’ अशा नजरेने बघतात.

तेव्हा कोणाही आउटफिल्डरच्या दीर्घायुष्याबद्दल पहिला प्रश्न ‘किती वर्षं खेळला?’ हा नसतोच. ‘कुठे उभा राहून खेळला?’ हे आधी विचारायचं. मेज १९५१ साली विशीत न्यूयॉर्क जायंट्सकडून सेंटर फिल्डमध्ये उतरला. १९७१ मध्ये त्याने चाळिशी गाठली, तेव्हा संघ सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या हंगामातही त्याचे बहुतेक सामने सेंटर फिल्डमध्येच झाले आणि उरलेले मुख्यतः पहिल्या बेसवर. सेंटर फिल्डमधले त्याचे सामने २,८०० हून अधिक भरतात.

आता त्याच्या बरोबरीचे पाहू. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये तीन संघ होते आणि तिघांकडेही थोर सेंटर फिल्डर होते. जायंट्सचा मेज, यँकीजचा मिकी मँटल आणि ब्रुकलिन डॉजर्सचा ड्यूक स्नायडर. तिघांत भारी कोण, यावर त्या शहरातल्या न्हाव्याच्या दुकानांपासून शाळेच्या मैदानांपर्यंत भांडणं व्हायची. वीस वर्षांनी आकडे मांडले तेव्हा क्षेत्ररक्षणापुरतं तरी भांडण मिटलेलं होतं. मँटलच्या खात्यात साडेचार हजारांहून थोडे कमी पुटआउट आहेत, स्नायडरच्या खात्यात चार हजारांहून थोडे जास्त. मेजच्या आणि त्यांच्यामध्ये अडीच-तीन हजार झेलांचं अंतर आहे.

मँटलची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात मेज स्वतःच येतो. ऑक्टोबर १९५१, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे हंगामाअखेरच्या अंतिम मालिकेचा दुसरा सामना, यँकी स्टेडियम. सेंटर फिल्डमध्ये शेवटच्या हंगामातला जो डिमॅजिओ, आणि त्याच्या डाव्या हाताला, म्हणजे बॅटरकडून पाहिलं तर उजवीकडे, राइट फिल्डमध्ये एकोणीस वर्षांचा मँटल. मेजने मारलेला चेंडू त्या दोघांच्या मध्ये उंच उडाला. मँटल सुसाट निघाला. डिमॅजिओने चेंडू आपला असल्याचं सांगितलं, तसा मँटलने एकदम ब्रेक मारला आणि त्याच्या बुटाचे खिळे गवतातल्या निचऱ्याच्या झाकणात अडकले. गुडघा गेला. मँटल त्यानंतरही थोरच खेळला, पण पायांना पट्ट्या गुंडाळून. शेवटची दोन वर्षं, १९६७ आणि १९६८, तो पहिल्या बेसवर उभा होता आणि १९६९ च्या हंगामाआधी निवृत्त झाला. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. मेज त्याच्यापेक्षा पाचेक महिन्यांनी मोठा, आणि १९६८ मध्ये सेंटर फिल्डसाठी गोल्ड ग्लव्ह हे उत्तम क्षेत्ररक्षकाचं पारितोषिक घेत होता.

स्नायडरचाही गुडघाच नडला. तिशी ओलांडल्यावर तो हळूहळू कोपऱ्यात सरकला आणि १९६४ नंतर खेळला नाही. डिमॅजिओ १९५१ मध्येच छत्तिसाव्या वर्षी थांबला. त्याची तीन वर्षं युद्धात गेली होती, हे त्याच्या बाजूने धरायला हवं. पण वर्षं मेजचीही गेली. कोरियन युद्धाच्या काळात सैन्यात भरती झाल्यामुळे १९५२ चा बहुतेक आणि १९५३ चा पूर्ण हंगाम तो खेळला नाही. त्याचे साधारण अडीचशेहून जास्त सामने हुकले. सामन्यामागे त्याची सरासरी अडीच पुटआउट. म्हणजे सहाशे-साडेसहाशे झेल सरकारी खात्यात जमा झाले म्हणायचे.

आता आकडे कसे फसवतात ते बघू. समजा आपण सामन्यामागे पुटआउट काढले. मेज २.५. ट्रिस स्पीकर, हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आणि एकूण पुटआउटमध्ये ६,७८८ सह दुसरा, तोही २.५. आणि फिलाडेल्फियाचा रिची ॲशबर्न? जवळजवळ २.९. ॲशबर्नने चार वेगवेगळ्या हंगामांत पाचशेहून जास्त पुटआउट केले. मेजने एकदाही केले नाहीत. मग ॲशबर्न मेजपेक्षा सरस होता का?

तो उत्तम होताच, यात वाद नाही. पण झेल घ्यायला आधी चेंडू हवेत उडावा लागतो, आणि तो उडणार की जमिनीवरून सरपटणार हे बरंचसं पिचरवर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यावर ठरतं. ॲशबर्नच्या संघात रॉबिन रॉबर्ट्स होता. थेट, वेगवान, स्ट्राइक झोनमध्ये (बॅटरच्या टप्प्यात) टाकणारा. त्याच्यावर चेंडू उंच उडायचे. त्यातले काही कुंपणाबाहेर जायचे (रॉबर्ट्सने कारकिर्दीत ५०५ होमरन दिले, हा नकोसा विक्रम बरीच वर्षं त्याच्याच नावावर होता), आणि उरलेले ॲशबर्नच्या हातात. आउटफिल्डरच्या आकड्यांत पिचरचा असा वाटा दडलेला असतो.

काळाचाही वाटा असतो. एका सामन्यात एका संघाला २७ बाद करायचे असतात. त्यातले जितके स्ट्राइकआउट (पिचरने क्षेत्ररक्षकांच्या मदतीशिवाय बाद केलेले बॅटर), तितकं क्षेत्ररक्षकांचं काम कमी. १९२० च्या दशकात संघामागे सामन्याला तीनेक स्ट्राइकआउट व्हायचे, मेजच्या १९६० च्या दशकात साडेपाच-सहा, आणि आज आठाच्या वर. म्हणजे स्पीकरच्या वाट्याला येणाऱ्या संधी मेजला नव्हत्या, तरीही सरासरी जवळपास सारखी. माझ्या लेखी या तुलनेत मेजचं पारडं जड होतं ते इथेच.

असिस्टचं कोडं त्याहून मजेदार आहे. आउटफिल्डरच्या फेकीवर रनर बाद झाला की त्याला असिस्ट मिळतो. स्पीकरचे असिस्ट साडेचारशेच्या घरात, मेजचे १९५. निम्म्याहूनही कमी! स्पीकरच्या काळात चेंडू जड, मऊ, फारसा लांब न जाणारा. तो इतका पुढे येऊन उभा राहायचा की जवळजवळ पाचवा इनफिल्डरच. साहजिकच फेक जवळची आणि असिस्ट भरपूर. मेजच्या काळात कुंपणापर्यंत मागे उभं राहावं लागे. शिवाय ज्याचा हात जबर आहे त्याच्यावर रनर धावतच नाहीत. धावले नाहीत तर असिस्ट कुठून मिळणार? मेजच्या फेकीची दहशत १९५१ च्या ऑगस्टमध्येच बसली. डॉजर्सविरुद्ध सामना बरोबरीत, तिसऱ्या बेसवर बिली कॉक्स (झेल झाल्यावरही बेसवरच्या रनरला पुढे धावता येतं). कार्ल फुरिलोने राइट-सेंटरकडे चेंडू उडवला. मेज उजव्या हाताने फेकणारा, आणि धावत होता आपल्या डावीकडे. झेल घेऊन थांबायचं, वळायचं आणि मग फेकायचं तर कॉक्स आरामात होमला पोचला असता. मेजने धावण्याच्या ओघातच डाव्या अंगाने पूर्ण गिरकी घेतली आणि त्या गिरकीतूनच चेंडू सोडला. कॉक्स होमवर बाद.

उलट ॲशबर्नचा हात कमकुवत अशीच ख्याती होती. आणि त्यानेच १९५० मध्ये हंगामाच्या शेवटच्या दिवशी कॅल एब्रम्सला होमवर बाद करून फिलाडेल्फियाचं अजिंक्यपद वाचवलं. ख्यातीवर विसंबून रनर सोडला की असं होतं.

ख्यातीवरून गोल्ड ग्लव्हकडे येऊ. उत्तम क्षेत्ररक्षकाला दिलं जाणारं हे पारितोषिक १९५७ मध्ये सुरू झालं आणि मेजने ते सुरुवातीपासून सलग १२ वर्षं घेतलं. आउटफिल्डरमध्ये एवढे फक्त आणखी एकाकडे आहेत, पिट्सबर्गच्या रोबेर्तो क्लेमेंतेकडे. तो राइट फिल्डर, १९६१ ते १९७२. त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान अपघातात तो गेला, नाहीतर तेरावाही मिळाला असता असं मला वाटतं.

पण बारा गोल्ड ग्लव्ह हा पुरावा म्हणून किती भरवशाचा? ही मतं मॅनेजर आणि कोच देतात, आणि नाव एकदा झालं की मत पुढच्या वर्षीही मिळतं. याचा कळस १९९९ मध्ये झाला. राफाएल पाल्मेइरोला पहिल्या बेसवरचा सर्वोत्तम म्हणून गोल्ड ग्लव्ह मिळाला, आणि त्या हंगामात तो पहिल्या बेसवर उभा राहिला होता फक्त २८ सामन्यांत! उरलेला वेळ तो नुसती बॅटिंग करत होता. त्यामुळे सदतिसाव्या वर्षीचा मेजचा गोल्ड ग्लव्ह थोडा जुन्या पुण्याईवर मिळाला असेल, हे मान्य करायला हरकत नाही. आणि दुसऱ्या टोकाला, १९५४ ते १९५६ ही त्याच्या पायांची सगळ्यात वेगवान वर्षं या पारितोषिकाच्या आधीची. तेव्हा त्याला गोल्ड ग्लव्ह मिळणं शक्यच नव्हतं. जमाखर्च साधारण बरोबरीत सुटतो.

१९५४ म्हटलं की तो झेल आलाच. वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना, आठवी इनिंग, २-२ अशी बरोबरी, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर क्लीव्हलंडचे रनर. विक वर्ट्झने चेंडू सरळ सेंटर फिल्डच्या डोक्यावरून हाणला. न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स मधोमध अवाढव्य खोल होतं, होमपासून तब्बल १४५ मीटरच्या पुढे कुंपण. मेजने पाठ वळवली, धावत सुटला आणि खांद्यावरून येणारा चेंडू ओंजळीत घेतला. फोटो त्याच क्षणाचा आहे, पाठीवर २४ नंबर. सामना फिरला तो मात्र त्याच्या पुढच्या अर्ध्या सेकंदात. झेल घेतल्या घेतल्या मेज गर्रकन वळला आणि चेंडू इनफिल्डकडे भिरकावला, टोपी उडाली, स्वतः खाली पडला. दुसऱ्या बेसवरचा लॅरी डोबी तेवढ्या लांबच्या झेलावर कदाचित होमपर्यंत आला असता. त्याला तिसऱ्यावर थांबावं लागलं. क्लीव्हलंडला धाव मिळाली नाही आणि जायंट्सने दहाव्या इनिंगमध्ये सामना मारला.

त्या एका झेलाने मेजचं नाव झालं, पण त्याच्या टिकण्याचं गमक त्यात नाही. ते दोन कमी दिसणाऱ्या गोष्टींत आहे. पहिली, हजेरी. १९५४ ते १९६६ सलग १३ हंगाम त्याने प्रत्येक वर्षी किमान १५० सामने खेळले. तेव्हा हंगामच १५४ सामन्यांचा होता, १९६२ पासून नॅशनल लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी जायंट्सच्या) तो १६२ चा झाला. शरीराने त्याची किंमत मागितलीच. १९६२ च्या सप्टेंबरमध्ये सिनसिनाटीला तो डगआउटमध्येच चक्कर येऊन कोसळला. थकवा, डॉक्टरांनी सांगितलं. काही दिवसांनी परत मैदानात, आणि त्या वर्षी जायंट्स वर्ल्ड सिरीजलाही पोचले.

दुसरी गोष्ट, डोकं. आउटफिल्डरचा वेग विशीतच उतरायला लागतो. हल्ली प्रत्येक मैदानात कॅमेरे लावून खेळाडूचा धावण्याचा वेग सेकंदाला किती फूट हे मोजतात, आणि त्यात हे स्पष्ट दिसतं. फलंदाज पस्तिशीतही शिखरावर असू शकतो, सेंटर फिल्डर क्वचितच. मग चाळिशीतला माणूस तिथे कसा उभा राहतो? चेंडू उडण्याआधी योग्य जागी उभा राहून. मेज पिचर कोणता चेंडू टाकणार ते बघायचा, बॅटरच्या सवयी लक्षात ठेवायचा आणि त्यानुसार दोन-चार पावलं सरकायचा. डावी-उजवीकडच्या साथीदारांनाही हाताने हलवायचा. १९६४ मध्ये तो संघाचा कर्णधार झाला, मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय कर्णधार, पण आउटफिल्डची सूत्रं त्याच्या हातात त्याआधीपासूनच होती. पहिलं पाऊल बरोबर दिशेला पडलं की वेगातली घट पुष्कळशी भरून निघते. सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये तर खाडीवरून येणारा वारा चेंडूला कुठेही नेऊन टाकायचा, तिथे नुसत्या पायांच्या जोरावर निभावणं कठीणच होतं. (बे एरियातली मराठी मंडळी आता जायंट्सचे सामने बघतात ते नव्या स्टेडियममध्ये. त्याचा पत्ताच २४, विली मेज प्लाझा.)

इथे आंद्रू जोन्स आठवतो, कारण शुद्ध गुणवत्तेत तो मेजच्याही पुढे होता असं म्हणणारे जाणकार आहेत आणि त्यांच्याकडे आकडे आहेत. कुरासाओ बेटावरचा हा पोरगा १९९६ मध्ये एकोणिसाव्या वर्षी अटलांटाकडून वर्ल्ड सिरीज खेळला. १९९८ ते २००७ सलग दहा गोल्ड ग्लव्ह. जुन्या सामन्यांच्या प्रत्येक चेंडूच्या नोंदींवरून ‘सरासरी क्षेत्ररक्षकापेक्षा याने किती धावा वाचवल्या’ असा अंदाज काढतात. त्या हिशेबात सेंटर फिल्डमध्ये जोन्सच्या सव्वादोनशेच्या आसपास धावा येतात, मेजच्या पावणेदोनशेच्या आसपास. आणि जोन्स तिथे खेळला सुमारे १,७०० सामने, म्हणजे मेजपेक्षा अकराशे कमी!

पण तिसाव्या वर्षानंतर जोन्स जणू दुसराच माणूस झाला. वजन वाढलं, गुडघा कुरकुरू लागला, २००८ चा हंगाम वाया गेला आणि त्यानंतर तो बहुतेक कोपऱ्यात किंवा नुसता बॅटर म्हणून खेळला. पस्तिशीत मेजर लीग संपली, मग दोन वर्षं जपानमध्ये. पंचविशीतला जोन्स आणि पंचविशीतला मेज यांत मी कोणाला निवडेन सांगता येत नाही. पस्तिशीतल्यांमध्ये निवडायचा प्रश्नच येत नाही.

दीर्घायुष्यात जवळ येतो तो इचिरो सुझुकी. जपानमध्ये सात, मेजर लीगमध्ये २००१ ते २०१० दहा गोल्ड ग्लव्ह, आणि २०१९ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी टोकियोत शेवटचा सामना, तोही राइट फिल्डमध्ये उभा राहून. थक्क करणारा प्रकार. फक्त तो मुख्यतः कोपऱ्यातला खेळाडू, हे विसरून तुलना करू नये. मेजर लीगमध्ये आउटफिल्डमधले सर्वाधिक सामने टाय कॉबचे आहेत, २,९३४. मेजपेक्षा ब्याण्णव जास्त, आणि पुटआउट सातशेहून जास्त कमी.

मेजच्या शेवटाबद्दल अमेरिकेत एक वाईट सवय रूढ आहे. कोणी वेळेत निवृत्त झाला नाही की ‘सेंटर फिल्डमध्ये पडलेला विली मेज’ असा दाखला देतात. हा दाखला १९७३ च्या वर्ल्ड सिरीजमधला. तेव्हा तो न्यूयॉर्क मेट्सकडे होता, बेचाळीस वर्षांचा, आणि त्या हंगामात आउटफिल्डमध्ये फारसा खेळलाही नव्हता. ओकलंडमध्ये दुसऱ्या सामन्यात त्याला उशिरा उतरवलं. नवव्या इनिंगमध्ये उन्हात चेंडू दिसेना, तो घसरून पडला, चेंडू निसटला, ओकलंडने बरोबरी साधली. हे सगळं खरं. त्याच सामन्याच्या बाराव्या इनिंगमध्ये रॉली फिंगर्ससारख्या पिचरवर एकेरी फटका मारून मेट्सला आघाडी मिळवून दिली ती मेजनेच, आणि मेट्स जिंकले. हा भाग दाखला देणारे सांगत नाहीत.

७,०९५ चा विक्रम मोडेल का? सरळ भागाकार करा: वीस वर्षं, दर वर्षी सरासरी ३५५. एका हंगामात ३५० झेल हे आजही चांगल्या सेंटर फिल्डरचं पूर्ण वर्षाचं काम आहे, मधे दुखापतीला जागा न ठेवता. आणि आता तर क्लबनाच तशी गरज राहिलेली नाही. मेजच्या काळात नॅशनल लीगमध्ये क्षेत्ररक्षण न करता फक्त बॅटिंग करण्याची सोय नव्हती. बॅट हवी तर माणसाला कुठेतरी उभं करावंच लागे. अमेरिकन लीगने ती सोय, म्हणजे ‘डेझिग्नेटेड हिटर’, १९७३ मध्ये आणली, नेमकी मेजच्या शेवटच्या वर्षी. २०२२ पासून ती दोन्ही लीगमध्ये कायमची आहे. माइक ट्राउट हा आपल्या काळातला मेजच्या जवळ जाणारा सेंटर फिल्डर. पायाच्या दुखापतींनंतर २०२५ मध्ये त्याला राइट फिल्डमध्ये हलवलं, आणि लवकरच बहुतेक सामन्यांत ग्लव्ह न घालता फक्त बॅट हातात दिली. तेव्हा तो तेहेतीस वर्षांचा होता.